आजी डिटेक्टिव्ह असते तेव्हा

निघोजेहून बोलतोय. मागे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, कंपनीच्या बस सुटायची वेळ झालीये.

आजचा विषय आहे पोलिसांत नसलेली, वय झालेली डिटेक्टिव्ह. आपण 'सीआयडी' बघत मोठे झालो. तिथे एसीपी प्रद्युम्नचा हुद्दा, दयाचे दार तोडणारे हात आणि डॉ. साळुंखेंची लॅब. आता हे तिन्ही काढून टाका. उरतं काय?

उरते जेसिका फ्लेचर. 'मर्डर, शी रोट' ही अमेरिकन मालिका सीबीएसवर सप्टेंबर १९८४ मध्ये सुरू झाली आणि १९९६ पर्यंत चालली. १२ सीझन, २६४ भाग! जेसिका म्हणजे निवृत्त शिक्षिका, विधवा आणि रहस्यकथांची लेखिका. ही भूमिका करणाऱ्या अँजेला लॅन्सबरी तेव्हा ५८ वर्षांच्या होत्या. त्याच डिसेंबरात बीबीसीवर अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल आली. ती साकारणाऱ्या जोन हिक्सन तर ७८ च्या!

या बायका गुन्हा शोधतात कशा? पहिली गोष्ट, त्यांना कुणी मोजतच नाही. इन्स्पेक्टरसमोर तोलूनमापून बोलणारा माणूस विणकाम करणाऱ्या म्हातारीसमोर सहज काहीतरी बोलून जातो. दुसरी गोष्ट, मिस मार्पल प्रत्येक संशयिताची तुलना आपल्या गावातल्या कुणाशी तरी करते. आमच्या भाषेत याला अ‍ॅनॉमली डिटेक्शन म्हणतात. नेहमीचं काय ते पक्कं माहीत असेल, तरच वेगळं काय ते दिसतं.

मला हे पटलं ते मात्र घरीच. आमच्या मागच्या खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्यात. मी तिथे कॅमेरा बसवला, काही हललं की मोबाईलवर अलर्ट. गेल्या पावसाळ्यात आजी ओट्यावरून म्हणाली, "कोपऱ्यातल्या खोलीतलं पोरगं दोन दिस पाण्याला आलं न्हाई."

"गावी गेला असेल गं."

"मग चप्पल दारात कशी?"

मी अ‍ॅप उघडून बघितलं. त्या दाराचा एकही अलर्ट नाही, म्हणजे सगळं ओके. तरी तिच्या समाधानासाठी गेलो. पार्टनर सुट्टीवर गेलेला आणि हा तापाने फणफणलेला, उठताही येईना. डेंग्यू निघाला. दवाखान्यात नेलं, वाचला. माझा कॅमेरा जे घडतं तेवढंच सांगत होता. जे घडायला हवं होतं पण घडलं नाही, ते आजीने टिपलं.

आता दुसरी बाजूही सांगतो. याच आजीने एकदा गॅसची टाकी गायब झाली म्हणून एका भाडेकरूवर संशय घेतला. टाकी माझ्या काकांनी नेली होती! तोवर गल्लीभर बोभाटा झाला आणि त्या पोराने खोली सोडली. मालिकेत शेवटच्या पाच मिनिटांत कबुलीजबाब मिळतो, ओट्यावर तो मिळत नाही. म्हणून नजर आजीची असली, तरी पुरावा तपासायचं काम आपलं.

आपल्याकडे 'देवमाणूस'मध्ये सरू आजी होती. रुक्मिणी सुतार यांनी साकारलेली ही आजी म्हणींसाठी गाजली, पण तपास गेला एसीपी दिव्या सिंगकडे. मला वाटतं, तिथे एक भारी मालिका हुकली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला आपण कटकट म्हणतो, लेखकांनीही तिला विनोदापुरतंच ठेवलं.

आज एक करा. हेडफोन काढल्यावर घरातल्या आजीला, आजोबांना विचारा, "गल्लीत या आठवड्यात काय बदललंय?" उत्तर कमेंटमध्ये लिहा, फक्त कुणाचं नाव टाकू नका. त्या टाकीचं प्रकरण लक्षात आहे ना?

भेटू पुढच्या भागात!