बैलाची लघवी : गोठ्यातील एक दुर्लक्षित खूण

बैल वैरण खातो की नाही, रवंथ करतो की नाही, इकडे शेतकऱ्याचे लक्ष असते. तो लघवी किती करतो, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. सुमारे ४०० किलो वजनाचा निरोगी बैल दिवसाकाठी साधारणपणे ७ ते १८ लिटर मूत्र टाकतो, आणि तेही ५ ते १० वेळा मिळून. मूत्र फिकट पिवळे व स्वच्छ असते. बैल चालता चालताही मुततो. त्या नागमोडी रेघेवरूनच संस्कृत काव्यशास्त्रातील एका चित्रबंधास गोमूत्रिका हे नाव पडले.

हे प्रमाण मुख्यतः पोटात जाणाऱ्या पाण्यावर ठरते. कोवळ्या हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते, म्हणून पावसाळ्यात लघवी वाढते. उन्हाळ्यात कडब्यावर असलेल्या व औताला जुंपलेल्या बैलाचे पुष्कळसे पाणी घाम व श्वास यांवाटे निघून जाते. मूत्र थोडे व गडद होते. थंडीत गार पाणी जनावर कमी पिते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

मूत्र घट्ट झाले की त्यातील क्षार साचून मुतखडा धरतो. गाईचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्याने बारीक खडे सहज निघून जातात. बैलाचा मार्ग मात्र लांब, अरुंद आणि मध्येच वळण घेतलेला असतो. त्या वळणावर खडा अडकतो. फार लहान वयात खच्ची केलेल्या गोऱ्ह्याचा मार्ग तर अधिकच अरुंद राहतो. चारा थोडा आणि कोंडा, पेंड भरपूर, असा खुराकही खडा होण्यास कारण ठरतो.

खडा अडकलेला बैल वारंवार शेपटी उचलतो, कुंथतो, पाय आपटतो. थेंब थेंब लघवी होते किंवा मुळीच होत नाही. लघवीच्या जागेवरील केस कोरडे असतात आणि त्यांवर वाळूसारखे कण दिसतात. पोट दुखते असे समजून कित्येकदा जुलाब दिला जातो व त्यात मोलाचा दिवस जातो. लघवी सुटावी म्हणून काढे पाजणे तर अधिक घातक, कारण वाट बंद असताना मूत्राशय आणखी ताणला जातो. तो फुटला की बैल एकाएकी शांत होतो. घरच्यांना उतार पडलासे वाटते; प्रत्यक्षात मूत्र पोटात पसरत असते व पुढील काही दिवसांत जनावर दगावते. म्हणून कुंथणे दिसताच पशुवैद्यास बोलवावे. महाराष्ट्रात १९६२ या विनामूल्य क्रमांकावर फिरत्या पथकाची मदत मागता येते. वेळीच शस्त्रक्रिया झाल्यास बैल वाचू शकतो.

कडब्यावरील बैलास दिवसाला सुमारे ४० लिटर, उन्हात काम असल्यास ६० लिटरपर्यंत पाणी लागते. ते संध्याकाळी एकदाच न पाजता तीन-चार वेळा दाखवावे. रोज ३० ग्रॅम मीठ दिल्यास तहान वाढते. बैलाखाली पाचट अंथरावे. सकाळी ते भिजलेले आहे की कोरडे, एवढे पाहिले तरी पुरते. भिजलेले पाचट उकिरड्यात टाकावे, कारण जनावराने बाहेर टाकलेल्या पालाशाचा मोठा भाग मूत्रातच असतो.

लघवी अडलेली नसून तांबडी किंवा कॉफीच्या रंगाची येत असेल, तर प्रकार निराळा. त्यामागे पुष्कळदा गोचिडांपासून होणारा ताप असतो व त्यालाही त्याच दिवशी उपचार लागतो.