मुंबई ते लंडन : अंतर व वेळेचा हिशेब
८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत. आता हे सुमारे ७,२०० किलोमीटरचे अंतर न थांबता कापता येते. नकाशावर पट्टीने रेषा ओढल्यास ती तुर्कस्तानच्या दक्षिण सीमेजवळून जाते. परंतु पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेकडे झुकून तिबिलिसीजवळून काळ्या समुद्राकडे व पुढे युक्रेनवर जातो. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झाले, तेव्हापासून वळसा आला. शिवाय उंचावरील वेगवान पश्चिमी वारे जाताना समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. त्यामुळे जाण्यास साधारण दहा, तर येण्यास नऊ तास लागतात.

खरा घोटाळा होतो तो तिकिटाचा. त्यावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असतात आणि लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार तास असते. जानेवारीत लंडनहून रात्री नऊला निघालेले विमान मुंबईस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास उतरते. नवात नऊ मिळवून पहाटे सहालाच विमानतळ गाठणारे आईवडील मुलाची वाट पाहत साडेपाच तास ताटकळतात.