पावसाचा जमाखर्च मांडणारं गाव: हिवरे बाजार

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नगर तालुक्यात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वसलेलं हे छोटं शेतकरी गाव. १९७२च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली, माणसं कामासाठी बाहेर पडली. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि चित्र पालटू लागलं. २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

गावानं स्वतःला घालून घेतलेले नियम बघा: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. शिवाय शेतीसाठी बोअरवेल नाही आणि उसासारखं पाणीखाऊ पीकही नाही.

डोंगरावर गेलात तर समतल चर नक्की बघा. उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांबलचक चर. खणलेली माती खालच्या काठावर टाकलेली असते. पावसाचं पाणी पळून न जाता चरातच थांबतं, हळूहळू मुरतं आणि खालच्या विहिरींना पाझर फुटतो.

मला सगळ्यात भावतो तो पाण्याचा ताळेबंद! पर्जन्यमापकावर पावसाची नोंद होते, गावाच्या वाट्याला किती पाणी आलं याचा हिशोब ग्रामसभेत मांडला जातो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग शेती. पाऊस कमी झाला की रब्बीचं क्षेत्र घटवतात.

चराईबंदी असली तरी गवत कापून न्यायला मुभा आहे. त्यामुळे चारा वाढला आणि दूधधंद्यानं जोर धरला.

जायचंच असेल तर पावसाळ्यात जा. चर भरलेले बघितले की सगळं गणित लगेच कळतं.