डावखुऱ्यांचा खिशातला चाकू

घडीच्या चाकूचं पातं सहसा दोन्ही बाजूंनी सारखंच घासलेलं असतं. सफरचंद उजव्या हाताने कापा की डाव्या, धारेला काही फरक पडत नाही. डावखुऱ्याची पंचाईत होते ती चाकू उघडताना आणि मिटताना.

जुन्या पद्धतीच्या चाकूत नख अडकवायची खाच पात्याच्या एकाच अंगाला असते, आणि ते अंग उजव्या हाताच्या सोयीचं. त्याहून अडचणीचा लायनर लॉक. मुठीच्या आत पत्र्याची एक स्प्रिंगदार पट्टी असते. पातं उघडलं की ती खट्‌कन त्याच्या बुडामागे सरकते. मिटताना ती बाजूला सारायची. उजव्या हाताचा अंगठा तिला सहज स्वतःपासून दूर ढकलतो. डाव्या हातात मात्र तीच पट्टी अंगठ्याकडे यावी लागते, म्हणजे काम तर्जनीच्या टोकावर येतं. जमतं, पण सफाई नाही.

यावर उपाय जुनाच आहे: मुठीच्या पाठीवर मधोमध खटका असलेला बॅक लॉक. तो दोन्ही हातांना सारखा. स्पायडर्को कंपनीने 1981 साली पातं उघडण्यासाठी त्याला आरपार गोल भोक पाडलं, तेही कुठल्याही अंगठ्याला चालतं. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीच्या चाकूचं पातं अडकवणारं फिरतं कडंही दोन्ही हातांना चालतं. त्यांचा खास डावखुरा चाकूही मिळतो.

खिशाला अडकवायची क्लिप उलट बाजूला बसते का, हे दुकानातच स्क्रूची भोकं पाहून ठरवावं. ‘दोन्ही हातांसाठी’ या छापील दाव्यात अनेकदा तेवढंच असतं, आत लॉक उजवाच.