बाबागाडी आधी मिटून पाहा

आमच्या रामदासपेठेत सकाळी नऊनंतर फाटकाशी उभं राहिलं, की अर्धा विदर्भ समोरून जाताना दिसतो. ही दवाखान्यांची वस्ती. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, पलीकडचं छिंदवाडा, बैतूल, सगळीकडून माणसं इथे येतात. कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या हातात जेवणाचा डबा, आणि दर चार-पाच बायांमागे एकीच्या कडेवर लेकरू. लेकरू एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जातं, बाई मध्येच थांबते, पदर सावरते आणि पुन्हा चालू लागते. वर्षानुवर्षं हे पाहत आलो, पण बाईच्या कमरेचा विचार मी कधी केला नव्हता. तो करायला मला माझ्या लेकीनं लावलं.

मी कवितेचा माणूस. बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. यंत्राशी माझा संबंध सायकलची उतरलेली चेन चढवण्यापुरता. तरीही आज बाबागाडीवर, म्हणजे दुकानात जिला स्ट्रोलर म्हणतात तिच्यावर, बोलायला बसलो आहे. कारण ती घेताना मी एक चूक केली आणि तिची किंमत लेकीनं मोजली. आपली चूक सांगितल्यानं दुसऱ्या कुणाचे पैसे आणि मनस्ताप वाचत असतील, तर सांगायला लाज कसली?

लेक अकोल्याला असते. गेल्या वर्षी माझी अम्मी घरातच पडली, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण पुढे बरेच महिने ती पलंगावरच होती. माझ्या लेकीला लहानपणी सांभाळलं ते अम्मीनंच. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी बाळाला घेऊन दादीकडे यायचं, असं लेकीनं ठरवलं. नातू तेव्हा आठ महिन्यांचा, वजन नऊ किलोच्या आसपास. बाळंतपणापासून लेकीची कंबर धरलेली. जावयांना दर वेळी रजा मिळणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, यावर उपाय सोपा आहे, बाबागाडी घेऊ.

दुकानाची फरशी आरशासारखी गुळगुळीत होती. मी एका बोटानं ढकललेली गाडी तिथे हंसासारखी सरकली. मोठी चाकं, जाड गादी, पुढे खेळण्यांची पट्टी, वर झालर लावलेला टप. गल्लीत चार लोकांनी वळून पाहावं अशी ती गाडी मी मोठ्या ऐटीत घरी आणली. खोक्यावर वजन लिहिलेलं होतं, अकरा किलो. ते मी वाचलंच नाही.

परतीच्या प्रवासात लेक एकटी होती. नागपूरला आम्ही बसवून दिलं. अकोल्याला गाडी थांबते ती काही मिनिटं. बाळ कडेवर, पिशवी खांद्यावर आणि बाबागाडी दाराशी उभी. ती उचलायला दोन हात लागत होते आणि हिच्याकडे एकही मोकळा नव्हता. कॉलेजच्या एका मुलानं ती खाली दिली, पण तोवर रेल्वे हलली होती. बाबागाडी फलाटावर आपटली, चाक वाकलं. कुणाला लागलं नाही, हे नशीब. रात्री लेकीचा फोन आला. म्हणाली, “अब्बा, गाडी छान आहे. पण ती न्यायला सोबत एक माणूस लागतो. आणि माणूस सोबत असला, तर गाडी कशाला लागते?”

पुढे दोन महिने ती आलीच नाही. अम्मी रोज विचारायची आणि आम्ही रोज ‘येत्या आठवड्यात’ म्हणायचो. तेव्हा मात्र मी दुकानं, माहितीपत्रकं आणि लहान मुलांचे आईबाप यांच्या मागे लागलो. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट एका वाक्यात सांगतो. प्रवासाची बाबागाडी उघडी असताना नव्हे, मिटलेली असताना पारखावी. आपल्याकडच्या प्रवासात ती जितकी ढकलली जाते, तितकीच उचलली जाते. जिने, डब्याची पायरी, रिक्षा, बसची डिकी, या सगळ्या ठिकाणी चाकं कामाची नाहीत.

गंमत म्हणजे मिटणाऱ्या बाबागाडीचा जन्मही एका आजोबाच्याच हातून झाला. ओवेन मॅक्लारेन हे इंग्लंडमधले विमानांचे अभियंते. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलेलं. विमान उडालं की चाकं पंखांत मिटून घ्यायची, उतरताना उघडायची. लेक नातीला घेऊन परदेशातून आली, तेव्हा तिची अवजड बाबागाडीशी चाललेली झटापट त्यांनी पाहिली. मग विमानात वापरतात तशा हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घेऊन त्यांनी छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. १९६५ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत. माझी अकरा किलोची होती! त्या आजोबांनी आधी लेकीचे हात पाहिले. मी पाहिली ती झालर.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिली कसोटी वजनाची. सहा-सात किलोंच्या आतली गाडी बहुतेक आयांना एका हातानं पेलते. पण आकड्यावर विसंबू नका. दुकानात जाताना बाळाला सोबत न्या. ज्या व्यक्तीला ही गाडी एकटीनं वापरायची आहे, तिनं बाळ एका कडेवर घ्यावं, दुसऱ्या हातानं गाडी मिटवावी, उचलावी आणि दुकानाचा एक जिना चढून दाखवावा. दुकानदार हसेल. हसू द्या. जिना चढताना दम लागला किंवा गाडी नडगीवर आपटली, तर ती तिथेच ठेवून यावी. आजोबांनी, मामांनी उत्साहानं परस्पर खरेदी करू नये, हे आलंच.

दुसरी कसोटी मिटण्याच्या पद्धतीची. यात दोन मुख्य प्रकार आहेत. एक छत्रीचा. ती मिटली की लांब, बारीक होते, साधारण मीटरभर. खांद्याला अडकवता येते, खालच्या बर्थखाली आडवी सरकते, रिक्षात पायाशी मावते. पण ती मिटवताना बहुधा वाकावं लागतं, पायानं खटका दाबावा लागतो आणि बऱ्याच गाड्या मिटल्यावर स्वतःच्या बळावर उभ्या राहत नाहीत. दुसरा प्रकार घडीचा. ती दोन-तीन घड्या पडून छोट्या सुटकेससारखी होते. यातल्या बऱ्याच गाड्या एका हातानं मिटतात आणि उभ्या राहतात, मात्र किंमत जास्त. रेल्वे-एसटीचा प्रवास अधिक असेल तर छत्री पुरते, विमानाचा अधिक असेल तर घडीची सोयीची.

विमानाचं नाव निघालंच आहे, तर एक खाचखळगा सांगतो. अनेक खोक्यांवर ‘विमानाच्या केबिनमध्ये बसते’ असं लिहिलेलं असतं. ते माप बहुधा आंतरराष्ट्रीय शिफारशीचं, म्हणजे ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर. आपल्याकडच्या काही विमान कंपन्या हातातल्या सामानाला ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आणि सात किलो एवढीच मुभा देतात. घडीच्या पुष्कळ गाड्या रुंदीला ४४ सेंटिमीटरच्या आसपास भरतात, त्यामुळे त्या इथे नियमात बसत नाहीत. अर्थात बहुतेक कंपन्या लहान बाळाची गाडी निराळे पैसे न घेता नेतात आणि विमानात चढेपर्यंत ती वापरूही देतात. तिथे ती सामानात जाते. म्हणून अंगावर चढवायची एक पिशवी सोबत ठेवावी आणि तिकीट काढताना त्या कंपनीचा नियम वाचून घ्यावा.

तिसरी कसोटी बाळाच्या वयाची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. ज्या बाळाची मान अजून धरत नाही, ते बसक्या गाडीत पुढे कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवळली जाते. म्हणून साधारण सहा महिन्यांपर्यंत पूर्ण सपाट होणारी पाठ हवी. हलक्या छत्रीगाड्यांत ती सहसा नसते. त्या वयात प्रवास असेल तर अंगाशी बांधायची झोळी किंवा आपली कडेवरची जुनी पद्धतच चांगली, बाळाचं नाक आणि हनुवटी मोकळी राहील एवढं पाहावं.

पट्टे पाच टोकांचे हवेत. दोन खांद्यांवरून, दोन कमरेकडून आणि एक पायांमधून. नुसता कमरपट्टा असला तर बाळ खालून घसरतं किंवा उभं राहतं. खोक्यावर युरोपचं ईएन १८८८ किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ ८३३ हे सुरक्षेचं मानक छापलेलं आहे का, तेही पाहावं.

मिटणाऱ्या प्रत्येक वस्तूत बिजागरी आली आणि बिजागरीत बोट सापडण्याची भीती आली. २००९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत याच मॅक्लारेनच्या नावाच्या कंपनीनं सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांवर बसवायला आवरणं दिली. मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या बारा तक्रारी तिथे नोंदल्या गेल्या होत्या. तेव्हा बिजागरी झाकलेली आहे ना, हे हात फिरवून पाहा. गाडी उघडताना आणि मिटवताना बाळ हातभर लांब असू द्या. खटका बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय आणि बैठक एकदा दाबून पाहिल्याशिवाय बाळाला बसवू नका.

चाकांविषयी थोडं. आमच्या रामदासपेठेतले फुटपाथ आठवा. पेव्हर ब्लॉक उचकटलेले, झाडांच्या मुळ्यांनी फरश्या वर आलेल्या, वाटेत मोटारी उभ्या. इथे फार छोटी, टणक चाकं दर पावलाला अडतात, आणि मोठी चाकं घेतली तर वजन वाढतं. मध्यम आकाराची चाकं, पुढची फिरणारी पण हवी तेव्हा सरळ रेषेत अडकवता येणारी, ही आपल्या रस्त्यांशी केलेली तडजोड. ही परीक्षा दुकानाच्या फरशीवर होत नाही. दुकानदाराला विनंती करून गाडी बाहेर रस्त्यावर दहा पावलं चालवून बघा.

आता वापराविषयी दोन-तीन गोष्टी. फलाटाला उतार असू शकतो, डोळ्याला तो दिसत नाही. २००९ मध्येच ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ॲशबर्टन स्थानकावर आईनं क्षणभर हात सोडला आणि बाबागाडी घरंगळत येणाऱ्या गाडीपुढे रुळांवर गेली. सहा महिन्यांचं ते बाळ वाचलं. म्हणून फलाटावर ब्रेक लावूनच उभं राहायचं आणि गाडीचं तोंड रुळांकडे कधी करायचं नाही. सरकत्या जिन्यावर बाबागाडी उघडी न्यायची नाही, लिफ्ट शोधायची. मुठीला जड पिशव्या लटकवायच्या नाहीत. बाळाला उचललं की पिशव्यांच्या भारानं हलकी गाडी मागे उलटते. आणि बाबागाडी म्हणजे मोटारीतलं बाळाचं आसन नव्हे, ते निराळं असतं.

नागपूरकरांसाठी उन्हाचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना बाळाला दुपारी बाहेर काढूच नये. पण कधी दवाखाना असतो, कधी रेल्वेची वेळ असते. अशा वेळी आपण मायेनं गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकतो. तिथे चूक होते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजून पाहिलं. कोरडं मलमल पांघरलेल्या गाडीतली हवा बाहेरच्याहून अडीच अंशांवर अधिक तापली. तेच मलमल ओलं करून छोटा पंखा लावला, तेव्हा ती पावणेपाच अंशांच्या आसपास थंड झाली. हे तर आपल्या वाळ्याच्या ताट्यांचं आणि कूलरचं तत्त्व! कापड ओलं ठेवायचं, ते सुकलं की पुन्हा भिजवायचं, समोरची बाजू उघडी ठेवायची आणि बाळाला सारखा हात लावून पाहायचा. शिवाय कपाळापासून पोटरीपर्यंत सावली देणारा टप असलेलीच गाडी घ्यायची.

आणि बाबागाडी घ्यायलाच हवी असंही नाही. वर्षातून एकदा गावी जायचं असेल, तर कुणाची तरी माळ्यावर पडलेली गाडी मागून आणावी, खटके-पट्टे तपासावेत आणि परत करावी. ज्या वस्तूचा उपयोग मूल दोन-तीन वर्षंच करतं, ती चार घरांत फिरली तर बिघडत नाही.

आमची दुसरी गाडी लेकीनं स्वतः निवडली, बाळाला कडेवर घेऊन, जिना चढून. साडेपाच किलोची, साध्या निळ्या कापडाची, छत्रीच्या जातीची. झालर नाही, खेळणी नाहीत. गल्लीत कुणी वळून पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात ती एकटी आली. मी फलाटावर डब्याच्या दाराशी पोहोचलो, तोवर ती उतरूनही झाली होती. बाळ कडेवर आणि गाडी खांद्याला.

घरी आल्यावर अम्मीनं पलंगावरूनच ती मिटवून, उघडून दाखवायला लावली. एकदा, दोनदा, तीनदा. मग म्हणाली, “ही तर छत्री आहे! अशी आमच्या वेळी असती, तर तुला घेऊन मी माहेरी चार वेळा जास्त गेले असते.”

मी साठीकडे झुकलेला माणूस. अम्मीला माहेरी जावंसं वाटत होतं, आणि आपल्याला कडेवर घेऊन जाणं तिला झेपत नव्हतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)