ठोकलेल्या गाडीची खरी किंमत

मोटार आता आपल्या घरांत चैनीची वस्तू राहिलेली नाही. अब्बूंना दवाखान्यात न्यायचे, कामठीला नातेवाइकांकडे लग्नाला जायचे, पावसात मुलांना शाळेत सोडायचे, तर गाडी लागतेच. बहुतेक घरांनी ती पाच-सात वर्षांचे हप्ते फेडून घेतलेली असते. आणि वेळ आली की दागिना मोडावा तशी ती विकलीही जाते. कुणाला मुलीच्या ॲडमिशनची फी भरायची असते, कुणाला ऑपरेशनचा खर्च.

अशा वेळी गाडी पूर्वी कधी ठोकलेली असली, तर घेणारा बॉनेट उघडतो, दाराच्या फटीवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, “भाऊ, गाडी ठोकलेली आहे. एवढे पैसे नाही जमणार.” मग लाख-लाख रुपये कमी सांगितले जातात. हा कमी केलेला आकडा रास्त आहे की नाही, हे विकणाऱ्याला कळत नाही. गरज असते, म्हणून तो मान डोलावतो.

अपघात झालेल्या गाडीची किंमत दोनदा ठरते. पहिल्यांदा अपघातानंतर, विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान मोजतो तेव्हा. दुसऱ्यांदा ती विकायला काढतो तेव्हा. पहिल्या वेळचे कागद ज्याने नीट समजून घेतले आणि सांभाळून ठेवले, त्याला दुसऱ्या वेळी फसवणे कठीण जाते.

सर्व्हेअर काय करतो?

मोटारीच्या दाव्यात नुकसान 50 हजार रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर ते परवानाधारक सर्व्हेअरकडूनच मोजून घ्यावे लागते. सर्व्हेअरची नेमणूक विमा कंपनी करते, पण त्याला परवाना देते विमा नियामक संस्था, म्हणजे ‘इर्डाई’. त्याने दोन्ही बाजूंना न झुकता नुकसान मोजावे, अशी अपेक्षा आहे. 2024 च्या नियमांप्रमाणे दावा कळवल्यावर 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, 15 दिवसांत त्याचा अहवाल घ्यायचा आणि अहवाल आल्यावर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा.

आपल्याकडून तीन कामे नीट व्हावीत. अपघाताच्या जागीच, गाडी टोचन करून नेण्याआधी, चारही बाजूंनी आणि खालून फोटो काढावेत. सर्व्हेअरने गाडी पाहण्याआधी गॅरेजवाल्याला पत्र्याला हात लावू देऊ नये. आणि गाडी उघडल्यावर आत आणखी मोडतोड दिसली, तर सर्व्हेअरला पुन्हा बोलावून ती लेखी नोंदवून घ्यावी. बंपर काढल्यावर मागचा रेडिएटर सपोर्ट वाकलेला दिसतो, हे नेहमीचेच आहे. पहिल्या एस्टिमेटमध्ये तो नसतो, आणि नंतर “हे आम्हाला कळवले नव्हते” असे उत्तर मिळते.

बिल 83 हजार, हाती 63 हजार

सर्वांत जास्त वाद घसाऱ्यावरून होतात. गाडी जुनी आणि बसवलेले पार्ट नवे, म्हणून नव्या पार्टच्या किमतीतून कंपनी घसारा कापते. बहुतेक साध्या पॉलिसींत त्याचे दर ठरलेले असतात. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकचे पार्ट, टायर, बॅटरी यांवर 50 टक्के. फायबर ग्लासवर 30 टक्के. काचेवर काही नाही. लोखंडी पत्र्याचे आणि इतर पार्ट गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले 6 महिने काही नाही, वर्षापर्यंत 5 टक्के, दुसऱ्या वर्षात 10, तिसऱ्यात 15, चौथ्यात 25, पाचव्यात 35, पाच ते दहा वर्षे 40 आणि त्यापुढे 50 टक्के.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, साडेतीन वर्षांची छोटी गाडी समोरून ठोकली. बॉनेट, फेंडर आणि इतर पत्र्याचे पार्ट 30,000 रुपये. बंपर, जाळी आणि प्लास्टिकचे पार्ट 18,000. समोरची काच 7,000. मजुरी 12,000. पेंटिंग 16,000. एकूण 83,000.

पत्र्यावर 25 टक्के म्हणजे 7,500 कापले. प्लास्टिकवर निम्मे, 9,000. काच आणि मजुरी पूर्ण मिळते. पेंटिंगचे बिल एकत्रित असेल, तर त्याचा पाव भाग रंगसामान धरतात आणि त्यावर 50 टक्के घसारा लावतात. 16,000 चा पाव भाग 4,000, त्याचे निम्मे 2,000. एकूण कपात 18,500. त्यावर 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपयांचा सक्तीचा वाटा आपला. म्हणजे कंपनी देणार 63,500 आणि आपल्या खिशातून जाणार 19,500. बदललेल्या जुन्या पार्टची भंगार किंमतही यातून थोडी वजा होऊ शकते.

हा तक्ता हाताशी असला, की सर्व्हेअरने कुठे योग्य कापले आणि कुठे चुकीचे, हे पाचवी-सहावीच्या टक्केवारीने घरीच तपासता येते. काचेवर घसारा लावला आहे का? पेंटिंगच्या पूर्ण रकमेवर लावला आहे का? मजुरीतून कापले आहे का? ‘झिरो डेप’ची पुरवणी घेतलेली असेल, तर ही घसाऱ्याची कपात बरीचशी वाचते. गाडी पाच वर्षांच्या आतली असेल, तर तिचा जादा हप्ता परवडण्यासारखा आहे का, हे जरूर पाहावे.

आयडीव्ही कमी धरू नका

पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ नावाचा एक आकडा असतो. विमा कंपनीच्या लेखी आपल्या गाडीची किंमत म्हणजे हा आकडा. दुरुस्तीचा खर्च त्याच्या 75 टक्क्यांच्या वर गेला, की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात.

हप्ता हजार-दीड हजाराने कमी व्हावा म्हणून काही जण हा आकडा खाली आणतात. समजा, गाडीची रास्त आयडीव्ही 4 लाख आहे आणि आपण ती 3 लाख धरली. मग 3 लाखांच्या वर गेल्यावर जी गाडी टोटल लॉस झाली असती, ती सव्वादोन लाखांच्या वर खर्च जाताच होईल. आणि भरपाईही 3 लाखांच्या हिशेबानेच मिळेल. दुरुस्त होऊ शकणारी गाडी हातची जाते आणि दुसरी घ्यायला पैसे पुरत नाहीत.

पाण्यात बुडालेली गाडी

नागपूरकरांना 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवत असेल. मध्यरात्रीनंतर काही तासांत तुफान पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. दारात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या.

पुराचे नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येते. पण गाडीत पाणी असताना कुणी सेल मारला आणि इंजिनमध्ये पाणी ओढले गेले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराचे नाही, गाडी चालू केल्याने झालेले आहे, असे कंपनी म्हणते. इंजिनची वेगळी पुरवणी नसेल, तर तो खर्च आपल्यावर येतो. म्हणून पाणी ओसरल्यावर चावीला हात लावू नये. बॅटरीची वायर काढावी, पाणी कुठपर्यंत आले त्या खुणेचा फोटो घ्यावा आणि गाडी टोचन करूनच गॅरेजला न्यावी.

आकडा पटला नाही तर

सर्व्हे अहवालाची प्रत मागणे हा आपला हक्क आहे. ती लेखी मागावी. कोणता पार्ट कमी धरला आणि कोणती कपात चुकली, हे मुद्देवार लिहून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे द्यावे आणि पोच घ्यावी. गरज वाटली तर दुसऱ्या परवानाधारक सर्व्हेअरकडून स्वखर्चाने मोजणी करून ती जोडता येते.

“सर्व्हेअरने लिहिले ते अंतिम” असे कुणी सांगितले, तर ते खरे मानू नये. अपघातात मोडलेल्या एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केले आहे, की सर्व्हेअरचा अहवाल दाव्याचा आधार होऊ शकतो, पण तो कंपनीवरही बंधनकारक नाही आणि विमा घेणाऱ्यावरही नाही.

कंपनीने महिनाभरात समाधान केले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. नागपूरसाठी हे कार्यालय पुण्याला आहे. दुसरा मार्ग नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. त्याआधी विमा नियामकाच्या 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पैसे घेताना ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या कागदावर सही मागतात. रक्कम मान्य नसेल, तर ती आक्षेप राखून स्वीकारत असल्याचे लेखी कळवूनच सही करावी.

विमा न देणारे नुकसान

गाडी कितीही छान दुरुस्त झाली, तरी बाजारात तिची किंमत काहीशी उतरते. हे नुकसान आपली विमा कंपनी देत नाही. पॉलिसीच्या अटींतच अशी परिणामी हानी वगळलेली असते. जर्मनीत, किंवा अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, दुरुस्तीनंतर उतरलेल्या किमतीचीही भरपाई मागता येते. आपल्याकडे चूक समोरच्या वाहनाची असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्याच्याविरुद्ध मालमत्तेच्या नुकसानीचा दावा करता येतो. त्याची मुदत 6 महिन्यांची आहे आणि पोलिसांतील नोंद लागते. किरकोळ नुकसानीसाठी कुणी एवढे करत नाही. मोठ्या नुकसानीत मात्र वकिलाला विचारून पाहावे.

म्हणजे ही उतरलेली किंमत बहुधा आपल्याच पदरी पडते. ती रास्तपेक्षा जास्त उतरू न देणे तेवढे आपल्या हातात असते.

विकताना

जुन्या गाड्यांचा जाणकार ग्राहक दोन गोष्टी वेगळ्या पाहतो. बंपर, फेंडर, बॉनेट, दरवाजे हे बोल्टने बसवलेले पार्ट आहेत. ते बदलले किंवा रंगवले, तर गाडीच्या सांगाड्याला धक्का लागत नाही. चॅसिस, दारामधले पिलर, इंजिनच्या बाजूचे ॲप्रन आणि छत हा गाडीचा सांगाडा आहे. तो कापून जोडला असेल किंवा वाकून सरळ केला असेल, तर गाडीची सुरक्षितता कमी होते आणि किंमतही बरीच उतरते.

दलाल या दोन्हींना एकच नाव देतो: ‘ॲक्सिडेंटची गाडी’. पहिल्या प्रकारच्या गाडीला दुसऱ्या प्रकारचा भाव लावला, की त्याचा नफा होतो. आणि आपल्याकडे कागद नसला, तर त्याला खोडून काढता येत नाही. वाहनाच्या सरकारी नोंदीत कोणता पार्ट कधी बदलला, हे लिहिलेले नसते.

इथे जुना सर्व्हे अहवाल उपयोगी पडतो. त्यात कोणते पार्ट बदलले, कोणते ठोकून सरळ केले, याची यादी असते. ज्या कागदावर कधी कंपनीशी वाद घातला, तोच आता “सांगाड्याला काही झाले नव्हते” याचा पुरावा होतो. त्याच्यासोबत गॅरेजचे अंतिम बिल, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे फोटो, व्हील अलाइनमेंटचा कागद आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या एका फायलीत लावाव्यात.

मग तीन ठिकाणी भाव विचारावा. त्याच साली निघालेल्या, त्याच मॉडेलच्या, जवळपास तेवढ्याच किलोमीटर चाललेल्या आणि न ठोकलेल्या गाडीचा भाव आधी माहीत करून घ्यावा. कमी सांगणाऱ्याला विचारावे, “नेमके कशाचे किती कमी केले?” ज्याला हे सांगता येत नाही, त्याचा आकडा रास्त नाही. सौदा झाला की आरसीवरील नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 भरून आरटीओत द्यावेत. उद्या त्या गाडीकडून काही घडले, तर कागदोपत्री मालक आपण नसावे.

दोष सांगूनच विका

कुणी म्हणेल, फाईल दाखवली तर अपघात झाल्याचे आपणच कबूल केले. गप्प राहिलो, तर नवख्या ग्राहकाला कळणारही नाही.

मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पाऊस पडल्याचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य वर ठेव, म्हणजे लोकांना दिसेल, असे त्यांनी त्याला बजावले. लांबी भरून रंगवलेला पिलर हा ढिगाच्या तळाचा ओला दाणाच आहे. दोष लपवून केलेल्या विक्रीत माल परत करण्याचा हक्क फिक्हमध्ये ग्राहकाला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. गाडीच्या बाबतीत हा प्रश्न पैशांपुरताही राहत नाही. चुकीचा जोडलेला सांगाडा पुढच्या धडकेत ज्या कुटुंबाला वाचवणार नाही, तेही कुणाचे तरी घर असते.

व्यवहार म्हणून पाहिले, तरी लपवण्यात फायदा नाही. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र आता अनेक दलालांकडे असते. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा असतो. लांबी भरलेल्या जागी आकडा कित्येक पट जातो. एक लपवलेली गोष्ट सापडली, की ग्राहक आपल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही आणि भाव सगळ्याच गाडीचा पाडतो. आधीच सांगितलेल्या दोषाचे मात्र तेवढेच पैसे कमी होतात.

म्हणून या रविवारी तासभर काढून गाडीची फाईल तयार करा. पॉलिसी काढून आयडीव्ही पाहा, झिरो डेप आहे का ते पाहा, अपघात झाला असेल आणि अहवाल जवळ नसेल, तर विमा कंपनीकडे आजच लेखी मागा. आणि घरात ही फाईल कुठे ठेवली आहे, ते घरातल्या बायकांनाही माहीत असू द्या. अडचणीच्या दिवशी गाडी विकण्याची वेळ अनेकदा त्यांच्यावरच येते.