जुन्या ध्वनिसंचास भिंतीवरील नवा कळफलक जोडताना

ग्वाल्हेर हे गायकीचे शहर. कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ साली येथे शंकर गांधर्व महाविद्यालय स्थापन केले; १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. अशा नगरीत घरोघरी गाणे ऐकण्याची आवड असणे स्वाभाविकच होय. एकाच अँप्लिफायरवरून अनेक खोल्यांत आवाज पोहोचविणाऱ्या जुन्या संचात बहुधा भिंतीवरील कळफलक प्रथम निकामी होतो. तो बाजारात न मिळाल्यास सुस्थितीतील मूळ संचही टाकून दिला जातो. हा अपव्यय पुष्कळदा टाळता येतो. मात्र भिंतीवरील यंत्रणा कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ओळखले पाहिजे.

पहिला प्रकार आवाज कमी-अधिक करणाऱ्या साध्या गोल कळीचा. ही कळ स्पीकरच्या तारेतच बसविलेली असते. घरगुती स्पीकर सामान्यतः ४ ते ८ ओहमचे असतात, तर शाळा व सभागृहांतून १०० व्होल्टची वाहिनी आढळते. एकीची कळ दुसरीस चालत नाही. १०० व्होल्टच्या वाहिनीवरील कळीची वॅट-क्षमता त्या खोलीतील सर्व स्पीकरांच्या एकूण वॅटपेक्षा कमी नसावी.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक बटणामागे निरनिराळ्या मूल्याचा रोधक असतो व त्यावरून मूळ संच आज्ञा ओळखतो. कळफलक सोडवून मल्टिमीटरने ही मूल्ये मोजावीत. तेवढ्याच मूल्यांचे रोधक व साधी बटणे वापरून नवा फलक तयार करता येतो.

तिसरा प्रकार सांकेतिक आज्ञा पाठविणाऱ्या फलकाचा. प्रत्येक उत्पादकाची संकेतपद्धती वेगळी असते. म्हणून जोडणीचे तोंड सारखे दिसले तरी फलक चालेलच असे नाही. मूळ संच रिमोटच्या अवरक्त किरणांवर चालत असल्यास, नव्या बटणांच्या आज्ञांचे त्या संकेतांत रूपांतर करणारे छोटे मायक्रोकंट्रोलर मंडल मध्ये बसविता येते. अनेक जुन्या मंडलांचे संकेत ५ व्होल्टचे, तर नव्यांचे ३.३ व्होल्टचे असतात. अशा वेळी व्होल्टता जुळविणारा भाग न घातल्यास नवे मंडल जळण्याचा संभव असतो.

काम सुरू करण्यापूर्वी कोणती तार कोठे जोडली आहे याचे छायाचित्र व टिपण घ्यावे. केवळ तारांच्या रंगांवर विसंबू नये. फलकास मिळणारा विद्युत्पुरवठा प्रत्यक्ष मोजावा. ही मोजणी जाणकारानेच करावी. तारा सोडविण्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद करणे अत्यावश्यक आहे. काही जुन्या व्हॉल्व्ह-रेडिओंचा धातूचा सांगाडा घरातील २३० व्होल्टच्या पुरवठ्याशी थेट जोडलेला असतो. अशा संचास भिंतीवरील कोणतीही तार जोडू नये; त्यात जीवितास धोका आहे.

काम पूर्ण झाल्यावर जोडणीचा आराखडा फलकाच्या मागील बाजूस चिकटवून ठेवावा. पुढील दुरुस्ती करणाऱ्यास तो मार्गदर्शक ठरेल. शाळेतील विज्ञान शिक्षकांना रोधक व विद्युत्दाब हे विषय शिकविताना अशा निकामी फलकाचा उपयोग करता येईल.